शेप मेमरी हिंज पूर्ण उघडत नाही? आधी घडी तपासा

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली तुमची टीम ३यू क्यूबसॅटच्या, म्हणजे ठराविक मापाच्या छोट्या उपग्रहाच्या, उघडणाऱ्या सोलर पॅनलसाठी हिंज (बिजागरी) बनवतेय. शेप मेमरी इपॉक्सी, म्हणजे दुमडून थंड केलं तरी परत तापवल्यावर मूळ आकारात येणारं रेझिन, त्यात साध्या विणीच्या कार्बन कापडाचे तीन थर, एकूण जाडी ०.७ मिमी. पट्टी हॉट एअर गननं तापवायची, ६ मिमीच्या स्टीलच्या सळीभोवती १८० अंशांत दुमडायची, तशीच धरून थंड करायची आणि परत तापवून उघडते का बघायचं. पहिल्या खेपेला जवळजवळ सरळ झाली, मग दर खेपेला थोडी कमी, आता ८० टक्क्यांवर अडकलीय. गाइड सर म्हणतात रेझिन बदला. तुम्ही विचारताय की कार्बनचे थर वाढवले तर जोर वाढून पूर्ण उघडेल का, आणि हे सगळं बेळगावात तपासता येतं का, की दर वेळी बेंगळुरूची गाडी पकडायची.

मी उद्यमबागेत कंपोझिटचं, म्हणजे धागे आणि रेझिन मिळून बनणाऱ्या भागांचं, छोटं वर्कशॉप चालवतो. त्याआधी बरीच वर्षं बेंगळुरूत उपग्रहांची पॅनल आणि हिंज यांचंच काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो: थर वाढवू नका आणि रेझिनही अजून बदलू नका. तुमची पट्टी उघडताना कमी पडत नाहीय, ती दुमडतानाच मोडतेय.

हिशेब अगदी सोपा आहे. पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. हा ताण किती, तर जाडीचा अर्धा भाग भागिले वाकाची त्रिज्या. ६ मिमीची सळी म्हणजे आतली त्रिज्या ३ मिमी, पट्टीच्या मध्यापर्यंत ३.३५. अर्धी जाडी ०.३५. भागाकार आला सुमारे १० टक्के. कार्बनचा धागा तुटायच्या आधी ताणला जातो दीड टक्क्याच्या आसपास. चौथा-पाचवा थर घातला तर जाडी वाढणार, भागाकार अजून वर जाणार, आणि आज जे पाचव्या खेपेला होतंय ते पहिल्याच खेपेला होईल.

मग प्रश्न येतो, की दीड टक्क्याचा धागा घेऊन कार्बनच्या शेप मेमरी हिंज मुळात चालतात कशा? चालतात, कारण टीजीच्या वर, म्हणजे काचसंक्रमण तापमानाच्या वर, रेझिन रबरासारखं मऊ होतं. त्याची ताठरता गिगापास्कलवरून थेट मेगापास्कलमध्ये उतरते. अशा मऊ रेझिनमध्ये आतल्या बाजूचे धागे दाबाखाली तुटत नाहीत, ते बारीक लाटांसारखे वळतात. याला मायक्रोबकलिंग म्हणतात. आतली बाजू अशी आखडली की तटस्थ अक्ष, म्हणजे जिथे ना ताण ना दाब ती रेषा, पट्टीच्या मधून सरकून बाहेरच्या बाजूला जातो, आणि बाहेरच्या धाग्यांवरचा ताण कागदावरच्या हिशेबापेक्षा खूप कमी होतो. शेप मेमरी कंपोझिटचा खरा उपयोग माझ्या मते इथेच आहे. उघडताना मिळणारा जोर तसा किरकोळच असतो. दुमडताना मिळणारी ही सवलत मात्र साध्या इपॉक्सीत मिळत नाही.

तुमच्या पद्धतीत ही सवलत नेमकी कुठे हुकते, ते तुमच्या फोटोत दिसतं. सळी स्टीलची आणि थंड आहे. गननं तुम्ही पट्टीची बाहेरची बाजू तापवता आणि मग ती थंड सळीवर दाबता. पातळ पट्टीत फार उष्णता मावत नाही. सळीला टेकताक्षणी आतली बाजू टीजीच्या खाली येते, आणि नेमकी तीच बाजू मऊ असायला हवी होती. तिथले धागे लाट न घेता कडकन मोडतात.

खात्री करायची असेल तर दहापट मोठं करून दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीकडे असतं तसं. दुमडलेल्या अवस्थेत आतली बाजू बघा. एकसारख्या अंतरावर मऊ उठाव दिसले आणि पट्टी तापवून उघडल्यावर ते गेले, तर ते मायक्रोबकलिंग, काळजी नाही. पण वाकाच्या रेषेला समांतर एखादी पांढुरकी, तीक्ष्ण चीर दिसली, बोट फिरवल्यावर कड लागली आणि उघडल्यावरही ती तिथेच राहिली, तर धागे तुटलेत किंवा थर सुटलेत. दर खेपेला रिकव्हरी, म्हणजे परत सरळ होण्याचं प्रमाण, घसरतेय म्हणजे तुम्हाला ही चीरच दिसणार, असा माझा अंदाज. शेप मेमरी पॉलिमरची पहिली खेप बाकीच्यांपेक्षा वेगळी असू शकते, ते ठीक. पण त्यानंतर आकडा एका जागी ठरायला हवा, उतरत जायला नको.

आता काय करायचं. सळीही पट्टीसोबतच तापवा. गन बाजूला ठेवून छोटा ओव्हन वापरा, पट्टी आणि सळी दोन्ही टीजीच्या वर २०-२५ अंशांवर काही मिनिटं राहू द्या आणि आतच, सावकाश दुमडा. हातमोजे घालून ओव्हनचं दार उघडून केलं तरी जमतं, घाई मात्र नको. पट्टीला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा, कारण गनच्या डिस्प्लेवरचं तापमान हवेचं असतं, पट्टीचं नव्हे. दुमडल्यावर टीजीच्या खाली निदान ३० अंश जाईपर्यंत दाब सोडू नका.

जाडी कमी करा. क्यूबसॅटच्या स्पेसिफिकेशनमध्ये रेल्सच्या, म्हणजे चार कडांच्या दांड्यांच्या, पातळीबाहेर भागांना फक्त ६.५ मिमी जागा आहे. त्यात दुमडलेली पॅनल बसवायची तर वाकाची त्रिज्या तुम्हाला फारशी वाढवता येणार नाही, हे मला मान्य. मग राहते ती जाडीच. एकाच थराची, पाव मिमीच्या आतली पट्टी घेतली तर तोच हिशेब पावणेचार टक्क्यांवर येतो. आणि कापड वाकाच्या रेषेला काटकोनात न ठेवता ४५ अंशांत ठेवा. तिरपे धागे एकमेकांवर कात्रीसारखे सरकतात, थेट ताण कमी झेलतात.

खरं सांगायचं तर मी असतो तर वाकाच्या जागी कार्बन वापरलंच नसतं. काचेचा धागा ताठरतेत कार्बनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही, पण कार्बनपेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो. तुमच्या पॅनलचं वजन कक्षेत शून्यच आहे, हिंजला फक्त ते सरळ धरून ठेवायचंय. पॅनलपाशी कार्बन, मधल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये काच, असं जोडकाम जमतं. कार्बन दिसायला भारी दिसतं आणि प्रेझेंटेशनमध्ये गुण मिळवून देतं, ते वेगळं.

एक थर म्हणजे उघडल्यावर पट्टी लेचीपेची राहील, ही शंका तुम्ही विचारायच्या आधीच घेतो. सपाट केली तर राहील. म्हणून ती मेजर टेपच्या पात्यासारखी आडवी बाकदार बनवा. २०-२५ मिमी व्यासाच्या अल्युमिनियम पाइपवर न चिकटणारी रिलीज फिल्म लावून क्युअर केली, म्हणजे रेझिन घट्ट होऊ दिलं, की तो बाक आपोआप येतो. दुमडताना बाक सपाट होतो, उघडून सरळ झाल्यावर परत येतो आणि पट्टीला ताठरपणा देतो. अशा दोन पट्ट्या बाक विरुद्ध दिशांना ठेवून समोरासमोर बसवायच्या. या प्रकारच्या बऱ्याच हिंज मुळात अशाच असतात.

टक्क्यांबद्दल. रिकव्हरीचा आकडा अंशांत बदलून बघा, म्हणजे कशाच्या मागे लागायचं ते ठरेल. १८० अंशांच्या घडीत ८० टक्के म्हणजे ३६ अंश कमी. सूर्याकडे तोंड असलेल्या पॅनलला त्यात जवळजवळ १९ टक्के वीज कमी मिळेल, हे चालणार नाही. पण ९५ टक्के म्हणजे फक्त ९ अंश कमी, आणि विजेचं नुकसान सव्वा टक्का. सोलर पॅनलला ते पुष्कळ झालं. एकदाच ९९ टक्के येऊन पुढे घसरणाऱ्या नमुन्यापेक्षा दर खेपेला ९५ देणारा नमुना मी डोळे झाकून घेईन. हीच हिंज अँटेनाच्या परावर्तकासाठी असती तर उत्तर उलटं दिलं असतं, तिथे आकारातली चूक तरंगलांबीच्या छोट्याशा अंशात बसवावी लागते.

आता टीजी किती ठेवायचा. इथे मात्र मला तुमचा उपग्रह माहीत नाही, त्यामुळे नेमका आकडा देणार नाही, ओढाताण कशी आहे ते सांगतो. टीजी कमी, समजा ६० अंश, ठेवला तर काळं कंपोझिट उन्हात तेवढं तापून हुकूम यायच्या आधीच सैल पडायला लागतं. पॅनल घडीत बांधून ठेवणारी दोरी त्याला धरून ठेवेल, पण घडी बिघडेल. टीजी १३० ठेवला तर तापवायला वीज पुरत नाही. लहान उपग्रहासाठी ८० ते ११० च्या दरम्यान बहुतेकांची तडजोड होते.

विजेचा अंदाज हातानंच काढून बघा. दोन पट्ट्या आणि चिकटवलेला हीटर मिळून ३ ग्रॅम धरा. उणे ४० वरून ११० अंशांपर्यंत न्यायला साडेचारशे ज्यूल, म्हणजे ५ वॉटचा हीटर दीड मिनिटात देईल. क्षुल्लक. पण ११० अंशांवरची पट्टी निर्वातात उष्णता प्रारणानं बाहेर टाकते, आणि २० चौरस सेंटीमीटर पृष्ठभागाला तो तोटा साधारण २ वॉटचा होतो. वर दोन्ही टोकांच्या अल्युमिनियम ब्रॅकेटमधून वाहून जाणारी उष्णता वेगळीच, ती बहुतेक वेळा यापेक्षाही जास्त. म्हणून ब्रॅकेट आणि पट्टीमध्ये ग्लास इपॉक्सीचा पातळ तुकडा घाला, हीटर टोकांपर्यंत न नेता वाकाच्या भागातच ठेवा आणि बाहेरून कमी उत्सर्जनाची चकचकीत फिल्म लावा. पूर्ण चार्ज बॅटरीवरच उघडायचं, असा नियम सॉफ्टवेअरमध्ये घाला. उपग्रह बाहेर पडल्यापासून निदान ३० मिनिटं काहीही उघडायचं नाही, ही क्यूबसॅटची अट आहेच, त्या वेळेत चार्जिंग होऊ शकतं.

हा सगळा खटाटोप स्प्रिंगच्या साध्या हिंजपेक्षा बरा कसा, असं तुमच्या टीममधल्या एकानं विचारलंय. प्रश्न योग्य आहे. तुमचा उद्देश फक्त उपग्रह उडवून वीज मिळवणं असेल तर स्प्रिंगची हिंज आणि नायलॉनची दोरी जाळणारी निक्रोमची तार, एवढ्यावर भागतं, आणि मी तेच करायला सांगेन. शेप मेमरीचा फायदा तीन ठिकाणी. दुमडून थंड केल्यावर तिच्यात जोर साठून राहत नाही, म्हणून महिनोन्महिने बांधून ठेवली तरी दोरीवर ओढ नाही. आणि ती सावकाश उघडते, झटका देत नाही, छोटा उपग्रह कोलमडत नाही. तिसरं, ती कधी मऊ व्हायची ते तुमच्या हातात असतं. मंगळाभोवतीच्या मार्स एक्सप्रेस यानावरच्या मार्सिस रडारच्या वीस-वीस मीटरच्या दोन दांड्या फायबरच्या नळ्यांच्याच होत्या, घडीतल्या स्वतःच्या लवचिकतेवर उघडणाऱ्या. मे २००५ मध्ये पहिली दांडी उघडली तेव्हा तेरापैकी दहावा तुकडा पुरता सरळ होऊन अडकला नाही, कारण तिथली नळी सावलीत गारठली होती. शेवटी आख्खं यान वळवून तो भाग उन्हात धरला, तेव्हा तो सरळ झाला. तिथे हीटर असता तर यान वळवावं लागलं नसतं.

आणि हे फक्त प्रयोगशाळेतलं खेळणं राहिलेलं नाही. चीनमधल्या हार्बिनच्या संशोधकांनी शेप मेमरी कंपोझिटवर आधारलेलं लवचिक सोलर पॅनल २७ डिसेंबर २०१९ ला शीज्यान-२० उपग्रहासोबत पाठवलं आणि ५ जानेवारी २०२० ला ते भूस्थिर कक्षेत उघडलं. नासाचं एसीएस३ सौर शीड, जे ऑगस्ट २०२४ मध्ये उघडलं, त्याचे सात मीटरचे कंपोझिट दांडे मात्र शेप मेमरीचे नाहीत, गुंडाळलेल्या टेपसारखे लवचिक आहेत. दोन्ही वाचताना हा फरक लक्षात ठेवा, बऱ्याच लेखांत दोन्ही एकाच टोपलीत टाकलेले असतात.

आता बेळगावात काय होतं आणि काय नाही.

सगळ्यात मोठी अडचण मशीनची नाही, पावसाची आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा किती ओली असते ते सांगायला नको, खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर विचारूच नका. इपॉक्सी पाणी शोषते आणि पाणी शोषलेल्या इपॉक्सीचा टीजी खाली येतो. पूर्ण भिजलेल्या नमुन्यात १०-२० अंशांचा फरक पडलेला मी बघितलाय. तुम्ही जुलैत नमुना तपासला आणि ८५ अंशांवर छान उघडला, म्हणून हीटर त्या हिशेबानं ठरवला, तर कक्षेत निर्वातात तेच पाणी निघून जाणार, टीजी परत वर जाणार, आणि हीटर कमी पडणार. म्हणून तपासणीआधी प्रत्येक नमुना ओव्हनमध्ये वाळवा, वजन स्थिर होईपर्यंत, आणि मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. कापडही थर रचण्याआधी वाळवा. अमाइन हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) वापरत असाल तर ओल्या हवेत क्युअर होताना वर चिकट पांढरट थर येतो, त्यावर दुसरा थर नीट चिकटत नाही. थर सुटण्यामागे हेही एक कारण असू शकतं, तुमचे नमुने कोणत्या महिन्यात बनवले ते बघा की.

पोस्ट-क्युअरसाठी, म्हणजे घट्ट झालेला नमुना परत तापवून पक्का करायला, मोठा ओव्हन हवा असेल तर उद्यमबाग किंवा मच्छेत पावडर कोटिंगवाल्यांकडे विचारा. त्यांची भट्टी २०० अंशांपर्यंत जाते आणि संध्याकाळी काम संपल्यावर देतात. फक्त नमुना फॉइलमध्ये नीट गुंडाळा, पावडरची धूळ बसलेला पृष्ठभाग पुढे कशालाच चिकटत नाही. पाइप, ब्रॅकेट, बारीक मिलिंग यांसाठी बेळगावात माणसांची कमी कधीच नव्हती.

टीजी मोजायला डीएमए किंवा डीएससी मशीन लागतं. कुठल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात चालू स्थितीत आहे ते गाइड सरांनाच शोधायला लावा. ते मिळेपर्यंत ओव्हनमध्ये पट्टी एका टोकाला पकडा, दुसऱ्या टोकाला नट टांगा, थर्मोकपल लावा, तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनी वाढवा आणि काचेतून मोबाइलनं व्हिडिओ घ्या. टोक झपाट्यानं खाली यायला लागतं ते तापमान लिहून ठेवा. प्रमाणित आकडा म्हणून हा कुठे देऊ नका, पण वाळवलेल्या आणि न वाळवलेल्या नमुन्यातला फरक तो स्पष्ट दाखवतो.

उघडण्याची चाचणी घेताना हिंजचा अक्ष उभा ठेवा, म्हणजे पॅनल दारासारखं आडवं फिरेल आणि गुरुत्वाकर्षण ना मदत करेल ना अडवेल. आडव्या अक्षावर घेतलेले व्हिडिओ दिसायला छान असतात आणि काहीच सिद्ध करत नाहीत. दुसरं, चाचणीच्या वेळी पॅनलच्या खऱ्या वायरी हिंजवरून गेलेल्या असू द्यात. शेप मेमरीचा जोर शेवटच्या १५-२० अंशांत अगदी मंदावतो, आणि थंडीत कडक झालेली वायर त्याच अंशांत त्याला अडवते. साध्या वायरीऐवजी फ्लेक्स पीसीबीची, म्हणजे वाकणाऱ्या सर्किटची, पातळ पट्टी वापरा.

निर्वातातली चाचणी मात्र इथे अर्धवटच होईल. रोटरी पंप आणि काचेची घंटा जमवलीत तर हवेचा वाटा बराचसा कमी करून हीटर पुरतो का तेवढं कळेल. आउटगॅसिंगची, म्हणजे निर्वातात पदार्थातून वायू निघण्याची, चाचणी बाहेरच द्यावी लागेल. अवकाशात जाणाऱ्या पॉलिमरसाठी एएसटीएम ई५९५ नुसार १२५ अंशांवर २४ तास निर्वातात ठेवल्यावर एकूण वजनघट १ टक्क्याच्या आत आणि परत जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत लागतो. बाजारातलं सर्वसाधारण इपॉक्सी अर्धवट क्युअर केलेलं असेल तर इथेच नापास होतं. त्यामुळे हा नमुना बेंगळुरूला पाठवायच्या आधी पोस्ट-क्युअर पूर्ण झालाय याची खात्री करा. प्रवास त्या एका चाचणीसाठी करा, आधीच्या गोष्टींसाठी नाही.

उडवण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. स्वतःचा उपग्रह पुरा व्हायची वाट बघायची गरज नाही. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर इस्रो जे पोएम व्यासपीठ ठेवते, त्यावर हिंजचा प्रयोग एकटा जाऊ शकतो. ३० डिसेंबर २०२४ च्या सी६० मोहिमेतल्या पोएम-४ वर २४ प्रयोग होते, त्यात काही शैक्षणिक संस्थांचेही. अर्ज इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे जातो. तिथे पहिला प्रश्न येईल तो तुमच्या चाचण्यांच्या नोंदींचा, म्हणून आत्तापासून प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्या आणि त्यासमोर कापडाची दिशा, क्युअरची तारीख, वाळवल्यानंतरचं वजन, दुमडतानाचं तापमान आणि दर खेपेचे अंश लिहा.

पुढचा नमुना काचेच्या कापडाचा, एका थराचा, ४५ अंशांत, तापवलेल्या सळीवर दुमडलेला करा. पाच-सहा घड्या झाल्यावर आतल्या बाजूचा भिंगातून घेतलेला फोटो आणि नट टांगलेल्या चाचणीचं तापमान इथेच टाका. त्यावरून टीजी बदलायचा की नाही ते सांगता येईल, रेझिनचा निर्णय तोपर्यंत थांबू द्या. तुमच्या गाइड सरांना हवं असेल तर वर्कशॉपवर घेऊन या, रविवार सोडून कधीही.